रायफलचा धक्का कमी कसा करायचा: कानापासून खांद्यापर्यंत

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून नेमबाजीला सुरुवात करणाऱ्यांची पहिली रायफल बहुधा .१७७ ची (हा आकडा म्हणजे नळीचा इंचातला व्यास) एअर रायफल किंवा एनसीसीच्या कॅम्पमधली .२२ असते. मोठ्या बोअरची, म्हणजे .३१५ किंवा .३०-०६, हातात येते ती बरीच नंतर. त्या दिवशी खांदा काळानिळा पडतो आणि पुढचे दोन महिने गोळ्या टार्गेटच्या खाली लागतात. दुखतो खांदा, पण बिघडतो नेम. म्हणून धक्का कमी करायचा तो निव्वळ आरामासाठी नाही.

उपाय करण्याआधी धक्का किती असतो ते आकड्यांत बघून घ्या. त्याशिवाय पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे ठरत नाही.

.३०-०६ च्या १८० ग्रेनच्या गोळीचं वजन ११.७ ग्रॅम असतं आणि ती नळीतून सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने सुटते. तिच्या मागे जळलेली साडेतीन ग्रॅमच्या आसपास पावडरही गॅस होऊन पुढे जाते, तीही गोळीपेक्षा जास्त वेगाने. गॅसचा वेग १,२०० मीटर धरला, तर पुढे जाणाऱ्या एकूण संवेगातला (वजन गुणिले वेग) जवळपास तिसरा हिस्सा एकट्या गॅसचा निघतो. तेवढाच संवेग रायफलला मागे मिळतो. रायफल ३.६ किलोची असेल तर ती सेकंदाला ३.९ मीटर वेगाने मागे येते आणि तिच्यात २७ ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे साडेतीन किलोची पिशवी पाऊण मीटरवरून खांद्यावर पडावी, तितकी.

.२२ चं गणित अगदी वेगळं आहे. गोळी २.६ ग्रॅमची, वेग ३२५ च्या आसपास, चिमूटभर पावडर. ३ किलोच्या रायफलमध्ये ऊर्जा पाव ज्यूलही भरत नाही. वरच्या आकड्याशी ताडून पाहा, दीडशे पटींहून जास्त फरक आहे. तरीही पहिल्यांदा .२२ चालवणारी मुलं “धक्का लागला” म्हणतात. त्यांना लागलेला असतो तो आवाज. म्हणून कामाची सुरुवात खांद्यापासून नव्हे, कानापासून करायची.

कान आधी

.२२ चा आवाज १४० डेसिबलच्या आसपास असतो, मोठ्या बोअरचा १६० च्या घरात. मेंदू आवाज आणि धक्का एकत्रच नोंदवतो. आवाज कापला की तोच धक्का हलका वाटायला लागतो. मोठ्या बोअरला फोमचे इअरप्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही वापरा. प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग निरुपयोगी. इअरमफच्या कडेत चष्म्याची काडी किंवा केस अडकले तर फट राहते, आणि आवाज तिथून शिरतो. मफची जाड वाटी बटवर, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर, आपटत असेल तर गाल नीट टेकत नाही. अशा वेळी पातळ वाटीचा मफ घ्या, पण गाल उचलू नका.

छतावर पत्रा असलेल्या बंदिस्त रेंजवर आवाज परतून येतो. तिथे .२२ लासुद्धा दुहेरी संरक्षण ठेवलेलं बरं.

बट कुठे टेकायचा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याला एक रुपयाही लागत नाही.

उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला उचलावा आणि डाव्या हाताच्या बोटांनी कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाखाली चाचपून पाहावं. खांद्याचा सांधा आणि छातीचा स्नायू यांच्यामध्ये एक मऊ खळगा लागतो. बट तिथे बसला पाहिजे. कॉलरबोनवर बसला तर हाड थेट मार खातं. दंडावर गेला तर रायफल बाहेर निसटते, दंडावर लांबट काळा डाग पडतो आणि गाल ट्रिगर धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर आपटतो. दुसऱ्या दिवशी डाग कुठे पडलाय ते आरशात पाहा. त्यावरून बट कुठे बसला होता ते नेमकं कळतं.

पुढचं काम खांदा आणि बट यांच्यातली फट घालवण्याचं. धक्क्याला घाबरलेला माणूस नकळत बट खांद्यापासून सुटा धरतो, आणि तीच सगळ्यात वाईट गोष्ट ठरते. सुटी रायफल आधी पूर्ण वेग घेते, मग हातोड्यासारखी आदळते. टेकलेली रायफल पहिल्या क्षणापासून शरीराला सोबत घेऊन मागे जाते. त्यामुळे धडकेऐवजी नुसतं ढकलल्यासारखं वाटतं. डाव्या हाताने, आणि उजव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांनी, रायफल सरळ मागे ओढून ठेवा. जोर किती? कोणाशी घट्ट हात मिळवावा तेवढा. रायफल थरथरायला लागली तर जास्त झाला. अंगठा आणि तर्जनी सैल राहिली पाहिजेत, नाहीतर ट्रिगर झटक्याने ओढला जातो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जोर लावून रायफलचं मागे येणं थांबवता येत नाही. गोळी ५६ सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत सव्वा-दीड मिलिसेकंद जातो, आणि तेवढ्यात रायफल सुमारे २ मिलिमीटर मागे सरकलेली असते. स्नायूंना एवढ्या वेळात काहीच करता येत नाही. उरतं ते एवढंच की हे २ मिलिमीटर दर वेळी एकाच दिशेने जावेत. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, तो प्रकार .२२ चा. तिथे खांदा दुखण्याचा प्रश्नच नसतो. तरीही त्या पातळीचे नेमबाज बटप्लेट, म्हणजे बटच्या टोकावरची पट्टी, मिलिमीटरने वर-खाली करतात ते याच कारणासाठी.

शरीराची ठेवण

उभ्याने मारताना शरीर डोलू शकतं, म्हणून धक्का सगळ्यात सौम्य वाटतो. मोठ्या बोअरला डावा पाय अर्धं पाऊल पुढे, वजन किंचित पुढच्या पायावर, कंबर मागे झुकलेली नाही. नवशिके रायफलच्या वजनाला तोलण्यासाठी मागे कलतात. मग धक्का आला की टाच उचलते आणि तोल जातो.

पालथं झोपून, म्हणजे प्रोनमध्ये, धक्का सगळ्यात जास्त जाणवतो. शरीर जमिनीला चिकटलेलं असतं, मागे जायला जागाच नसते. शरीर रायफलच्या रेषेला फार तिरकं ठेवलं तर धक्का खांद्याला बाजूला फिरवतो आणि दर गोळीनंतर टार्गेट डावी-उजवीकडे सरकलेलं दिसतं. मोठ्या बोअरला शक्य तितकं रायफलच्या मागे सरळ झोपा. खांदे नळीशी काटकोनात, पाय फाकलेले, टाचा जमिनीला लागलेल्या. दुर्बीण चढवलेली असेल तर डोळा आणि काच यांत ८-९ सेंटिमीटर अंतर ठेवा. प्रोनमध्ये डोकं आपोआप पुढे सरकतं, आणि भुवईवर चंद्रकोरीसारखी जखम होते ती तिथेच. उभ्याने लावलेली दुर्बीण प्रोनमध्ये परत तपासल्याशिवाय गोळी भरू नका.

स्लिंग, म्हणजे रायफलला बांधून हातात अडकवायचा पट्टा, वापरत असाल तर ती रायफल मागे खांद्यात ओढते, हे चांगलंच. फार आवळली तर मात्र बट खळग्यातून खाली सरकतो आणि बटचं फक्त वरचं टोक टेकतं. निम्म्या जागेवर तोच जोर आला की दाब दुप्पट होतो.

टेबलावर बसून मारताना बहुतेक जण टेबलावर ओणवे होतात. तसं केलं की धक्का थेट कॉलरबोनला जातो. रायफल वर उचला, स्वतः खाली वाकू नका. पुढची वाळूची पिशवी उंच करा, पाठ सरळ ठेवा, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवा. पिशव्या घरीच होतात. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापून शिंप्याकडून दुहेरी शिवण घालून घ्या आणि तीन चतुर्थांशच भरा. पूर्ण भरलेली पिशवी दगडासारखी होते, रायफल तिच्यावर उडते. आत काय भरायचं, याला आपल्याकडे महत्त्व आहे. खाडीची वाळू नको, तिच्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढतं आणि पिशवीला टेकलेल्या लोखंडाला गंज चढतो. तांदूळ-डाळ भरली तर पावसाळ्यात किडे होतात. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात प्लास्टिकचं काम चालतं, तिथले कच्च्या मालाचे दाणे मिळाले तर उत्तम. नाहीतर धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली नदीची बारीक वाळू.

बट आणि खांद्यामध्ये दहा-बारा किलोची पिशवी ठेवली की धक्का जवळजवळ नाहीसा होतो, हे खरं आहे. पण मागे सरकायला जागा न मिळालेल्या रायफलचा सगळा ताण लाकडी बटच्या मानेवर, पकडीच्या जागी येतो आणि लाकूड तडकतं. नेम लावून घेण्यापुरत्या चार-सहा गोळ्यांना २-३ किलोची मऊ पिशवी पुरे.

बटची लांबी

कोपर काटकोनात वाकवा, बटचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात यायला हवं. कारखान्याचा बट साधारण ३४-३५ सेंटिमीटरचा असतो आणि तो सरासरी पुरुषाला धरून केलेला असतो. कमी उंचीच्या मुलामुलींना तो लांब पडतो, मग बट खळग्याऐवजी दंडावर बसतो. एनसीसीत लहान चणीच्या कॅडेटला “बट आत घे” म्हणून कितीही ओरडलं तरी तो आत जात नाही, त्याचं कारण हेच. लहान पडला तर अंगठा नाकावर येतो.

दुसरी तपासणी अशी: रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा आणि डोळे उघडा. साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, समोर आल्या पाहिजेत. मान ताणावी लागली तर लांबी चुकली. गाल वर उचलावा लागला तर गालाखालची उंची कमी आहे. गाल टेकलेला नसला की धक्क्यात बट वर येऊन गालाच्या हाडावर बसतो. उंची वाढवायला दाट फोमची पट्टी आणि वरून कापडी पट्टा बांधला तरी चालतं, जाडी ५-५ मिलिमीटरने वाढवत जा.

पॅड: कोणतं आणि केवढं

पॅड ऊर्जा नाहीशी करत नाही, रायफल थांबायला जास्त अंतर देतं. १ सेंटिमीटरमध्ये थांबण्याऐवजी २ सेंटिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी जोर निम्मा होतो. म्हणूनच लोखंडी किंवा कडक प्लास्टिकच्या बटप्लेटच्या जागी अडीच सेंटिमीटरचं चांगलं रबर पॅड बसवणं हा पैशांचा सगळ्यात योग्य वापर आहे.

पण अडीच सेंटिमीटरचं पॅड बटची लांबीही तेवढीच वाढवतं. लांबी आधीच बरोबर असेल तर तेवढं लाकूड कापावं लागेल, आणि ते काम परवाना असलेल्या गनस्मिथकडूनच करून घ्या. चढवायचं, मोज्यासारखं पॅड कापावं लागत नाही, भाड्याच्या किंवा क्लबच्या रायफलला तेच बरं. त्याची अडचण एवढीच की ते फिरतं. आतून बटला मास्किंग टेपचे दोन वेढे दिले की घसरत नाही. खूप मऊ, बोटाने पूर्ण दबणारा स्पंज घेऊ नका. तो .२२ च्या धक्क्यालाच तळाला टेकतो, मोठ्या बोअरला असून नसल्यासारखा. अंगठ्याने जोरात दाबल्यावर दोन-तीन मिलिमीटर दबून सावकाश परत येणारं पॅड योग्य.

आपल्या हवेत रबर टिकत नाही. चार-पाच पावसाळ्यांत ते चिकट होतं किंवा दगड बनतं. साफसफाईचं तेल पॅडला लागू देऊ नका आणि रायफल पॅडवर उभी करून कपाटात ठेवू नका, एका बाजूला कायमचं दबतं.

अंगावरच्या कपड्यांचंही बघा. मे महिन्यात घामाने भिजलेल्या पातळ टीशर्टवर मोठा बोअर मारणं म्हणजे उघड्या खांद्यावर मारणं. खांद्यावर शिवण, खिशातलं पेन, गळ्यातली साखळी, ब्राच्या पट्ट्याची कडी, यातलं काहीही बटखाली आलं तर एका गोळीत त्वचा फाटते. एक नॅपकिन दोनदा घडी घालून आतून खांद्याच्या पट्ट्याला सेफ्टी पिनने लावा, पिन बटच्या जागेपासून लांब. स्पर्धेत मात्र जॅकेटच्या कापडाची जाडी २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, तेव्हा सवय त्या जॅकेटचीच ठेवा.

वजन आणि काडतूस

३.६ किलोच्या रायफलला अर्धा किलो वजन जोडलं तर वरची २७ ज्यूल ऊर्जा २३.७ वर येते. ४.५ किलो वजन झालं तर २१.६. बटच्या आतल्या पोकळीत शिशाचे छर्रे भरून हे करता येतं. छर्रे पिशवीत घट्ट बांधून कापसात रुतवा, खुळखुळले तर नेमाचं वाटोळं होतं. सगळं वजन मागे गेलं तर नळी हलकी होऊन जास्त उसळते, म्हणून निम्मं पुढे फोरएंडमध्ये, म्हणजे नळीखालच्या पुढच्या भागात, ठेवा. उभ्याने मारणाऱ्याला वजन हातात पेलायचं असतं, तेव्हा आधी पाव किलोने सुरुवात करा.

१८० ऐवजी १५० ग्रेनची गोळी वापरली तर त्याच रायफलमध्ये ऊर्जा साडेतेवीसच्या आसपास येते. अर्धा किलो वजन वाढवल्याइतकाच फायदा, तोही वजन न वाढवता. नेम मात्र नव्याने लावावा लागेल, कारण गोळी वेगळ्या उंचीवर लागते. कमी पावडरची काडतुसं घरी भरायचा विचार मनात आणू नका. परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अंदाजाने भरलेलं काडतूस रायफल फोडू शकतं.

मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायची भोकं असलेली नळकांडी, गॅस बाजूला वळवते आणि धक्का खरोखर बराच कमी करते. तरी आमचा सल्ला नाही असाच आहे. आवाज आणि झोत मारणाऱ्याच्या व शेजारच्याच्या कानावर येतो, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल स्पर्धांत ती चालत नाही, आणि नळीला आटे पाडणं हे घरचं काम नाही. शस्त्राची दुरुस्ती किंवा बदल करायला वेगळा परवाना लागतो.

पावसाळा आणि स्क्रू

धक्का अचानक वाढल्यासारखा वाटला तर आधी अॅक्शनचे, म्हणजे काडतूस भरून उडवणाऱ्या लोखंडी यंत्रणेचे, स्क्रू बघा. जुलैत लाकूड फुगतं, जानेवारीत आकसतं. स्क्रू सैल झाला की अॅक्शन आधी लाकडात मागे सरकते, मग बट खांद्यावर येतो. एकाऐवजी दोन टप्प्यांत बसणारा धक्का बोचरा लागतो आणि गोळ्याही पसरतात. स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. पुढचा आधी, मागचा नंतर आवळा, उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंतच. अंगात आहे तेवढा जोर लावून आवळला तर लाकूड चेपतं.

दचकणं कसं मोडायचं

वरचं सगळं करूनही गोळ्या खाली जात असतील तर ते दचकणं आहे. गोळी सुटायच्या आधीच खांदा पुढे ढकलला जातो, डोळा मिटतो, ट्रिगर ओढला जातो. स्वतःला ते कळत नाही. कळावं म्हणून एक सराव आहे. सोबत्याने तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये पाच खऱ्या काडतुसांत दोन-तीन डमी, म्हणजे नकली काडतुसं, मिसळायच्या. डमीवर ट्रिगर ओढला आणि नळीचं तोंड खाली बुचकळलं, की ते दचकणं होतं. तेव्हा खरी गोळी मारायची नाही. सलग पाच वेळा नळी स्थिर राहीपर्यंत नुसत्या डमीवरच सराव. मोठ्या बोअरवर दचकायला लागलात तर महिनाभर .२२ वर परत जा, त्यात कमीपणा काहीच नाही.

घरी रोज १५ मिनिटं रिकामी रायफल चालवा. खोलीत एकही काडतूस नको, खिडकीचा पडदा ओढलेला असावा. समोरच्या इमारतीतून रायफल दिसली तर सोसायटीत गोंधळ होईल. .२२ मध्ये स्नॅप कॅप (रिकामा ट्रिगर मारण्यासाठीचं नकली काडतूस) घातल्याशिवाय ट्रिगर मारू नका, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खाच पडते. ट्रिगर मागे आल्यावर तसाच दाबून ठेवा, दोन आकडे मोजा आणि साइट शेवटी कुठे होत्या ते मनात म्हणा. मोठ्या बोअरवर हीच सवय तुम्हाला वाचवते. धक्का येतो तेव्हा तुम्ही अजून साइटकडेच बघत असता.

रेंजवर एका दिवसात मोठ्या बोअरच्या १५ गोळ्या पुरे. पाच-पाचचे तीन गट, मध्ये दहा मिनिटं, त्या वेळात .२२ किंवा नुसतं बसणं. पंधरावी गोळी बरी गेली म्हणून सोळावी भरू नका. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे आणि पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब. पहिले धडे प्रशिक्षकाच्या नजरेखाली घेतले तर बट कुठे बसतोय हे बाजूने बघणारा माणूस मिळतो, आणि ते स्वतःला कधीच दिसत नाही.

संध्याकाळी खांद्यावर कपड्यात गुंडाळून १५ मिनिटं बर्फ लावा. डाग आठवड्याभरात पिवळा होऊन जातो. हात वर उचलताना कळ आली, बोटांत मुंग्या आल्या किंवा कॉलरबोनवर बोट ठेवताच टोचलं, तर तो नुसता मुका मार नाही. हाडांच्या डॉक्टरला दाखवा, आणि त्यांनी सांगेपर्यंत रायफल कपाटातच राहू द्या.